टाळीच्या आधी

रिकाम्या हॉलमध्ये शिरलं की मी आधी एक टाळी वाजवते. मशीनं नंतर. टाळी भिंतींवरून कशी परत येते त्यावरून कळतं, आवाज कुठे घुमणार आणि माईक कुठल्या कोपऱ्यात शिट्टी मारणार. लग्नाआधी पार्ट्यांमध्ये रेकॉर्डी लावायचे, तेव्हापासूनची ही सवय. पुढे डीजे झाले, मग साउंड इंजिनिअर, आणि आता सगळ्यांची मावशी.

त्या दुपारी मॅनेजर दारातच उभा होता.

"मावशी, स्पष्टच बोलतो. तुमचा उजवा कान गेलाय म्हणे. आज एकदा जरी शिट्टी वाजली, तरी उद्यापासून मिक्सरच्या टेबलावर नवा माणूस बसेल."

"कोण म्हणालं?"

"तुमची लेक. काळजीपोटी सांगितलं हो तिनं."

घरभेदी कुठली. पण खोटं नव्हतं. डॉक्टरांनी त्या कानावर फुलीच मारली होती. हे टेबल सुटलं तर मी करणार काय, घरी बसून पंख्याची घरघर ऐकणार? जीव गेला तरी चालेल, पण तसलं जगणं नको, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

हॉलच्या मधोमध जाऊन मी हात उचलले. उजव्या कानात टाळी वाजली. हात अजून एकमेकांना लागले नव्हते.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. आधी उजव्या कानात, भिंतीवरून फिरून आलेली टाळी. मग तळवे भेटले, आणि डाव्या कानात सगळं रीतसर. गेलेला कान भास देतो म्हणतात, अशी मनाची समजूत घातली आणि मिक्सरपाशी जाऊन बसले. लोक यायला लागले होते.

दुसऱ्या गाण्यात उजव्या कानात बारीक शिट्टी आली. डाव्या कानात आवाज स्वच्छ. बोटांनी माझं ऐकलंच नाही; गायिकेच्या माईकचा फेडर, आवाज कमी-जास्त करायची ती सरकपट्टी, त्यांनी थोडा खाली ओढला. तेवढ्यात ती बया रंगात येऊन माईकसकट थेट स्पीकरपुढे जाऊन उभी राहिली. अशा वेळी शिट्टी वाजल्याशिवाय राहत नाही.

वाजली नाही.

मग मी त्या कानावर सगळा भार टाकला. ढोलकीवाल्याचा माईक निसटायच्या आधी मला त्याचा आपटल्याचा आवाज आला. मी तो बंद करून ठेवला. दोन कानांतलं अंतर वाढत चाललं होतं. आधी क्षणभर, मग एक ओळ, मग अख्खं कडवं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा मजा जास्त येत होती. उभ्या जन्मात मी इतका नितळ आवाज दिला नव्हता.

शेवटचं गाणं अर्ध्यावर असतानाच उजव्या कानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हसले आणि वाट पाहिली.

आल्या टाळ्या.

मॅनेजर स्वतः स्टेजवर चढला. "या आवाजामागे आमच्या मावशी आहेत. त्या म्हणतील तोवर टेबल त्यांचंच."

सगळा हॉल माझ्याकडे वळून उभा राहिला. पहिल्या रांगेत लेक रडत होती, हसतही होती. मी दोन्ही हात वर केले. मी जिंकले होते.

उजव्या कानात मात्र टाळ्या नव्हत्या.

त्या कानातला हॉल हाच होता. भरलेला होता, माणसं असली की भिंती कमी बोलतात, ते मला कळतं. मॅनेजरचाच आवाज, पण जड. तो सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगत होता. खुर्च्या सरकल्या. मग सगळं शांत.

माईकनं शिट्टी मारली. लांबलचक. कुणाचाच हात फेडरवर गेला नाही.

"हे बंद कुठून करतात?" माझी लेक कुणाला तरी हळूच विचारत होती.