मोहनाबेनची जागा

नीरजा त्या सकाळी भांडायला आली नव्हती. विनंती करायला आली होती. भांडायचं तिनं गाडीचं दार उघडलेलं पाहिल्यावर ठरवलं.

फतेगंजमधल्या त्या कॉम्प्लेक्सच्या उताराला लागून एकच राखीव जागा होती. जमिनीवर पांढऱ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र होतं आणि रात्रभर त्या चित्रावर लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असायची. सकाळी साडेनऊला वॉचमन गोविंदकाका ती उचलत आणि एक पांढरी गाडी तिथं लागत असे. नीरजानं डिसेंबरमध्ये तळमजल्यावर आपलं वाचा-उपचाराचं क्लिनिक सुरू केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ए तो मोहनाबेननी जग्या छे, बेन."

नीरजाला वाटलं, कोणी मोहनाबेन असतील, आपल्यासारख्याच. आपल्या उजव्या पायात कॅलिपर आणि हातात कुबडी आहे, त्यांना कदाचित तेवढंही जमत नसेल. तिनं वॉर्ड ऑफिसात पाससाठी अर्ज केला आणि तोपर्यंत आपली हातानं चालवायची गाडी मैदानापलीकडच्या पार्किंगमध्ये लावायला लागली. तिथून क्लिनिकपर्यंत चारशे दहा पावलं होती. वाटेतल्या फरश्या उखडलेल्या. पहिला मुक्काम कडुलिंबाखाली, दुसरा झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर. एप्रिल आला तसा दुसरा मुक्काम लांबायला लागला.

मग ऑफिसचं पत्र आलं. एका जागेला एकच पास, आणि तो मोहना सौमित्र राजोपाध्ये यांच्या नावावर आहे. त्यांनी सोडला तरच तुमचा विचार होईल. म्हणून नीरजा आज लवकर आली होती. मोहनाबेनना विचारायचं... आठवड्यातले तीन दिवस तुमचे, तीन माझे, चालेल?

पांढरी गाडी आली. गोविंदकाकांनी खुर्ची उचलली. गाडीतून चाळिशीचा एक उंच माणूस उतरला आणि दोन ढांगांत तीन पायऱ्या चढून चष्म्याच्या दुकानाचं शटर वर करायला लागला.

नीरजा कुबडी आपटत उताराच्या तोंडाशी गेली.

"ओ भाई! शरम नथी आवती?"

तो वळला. "मला... मने कह्युं?"

"नाही, भिंतीला," नीरजा तोंडातल्या तोंडात म्हणाली. "निर्लज्ज माणूस. धडधाकट घोड्यासारखा चढतोय."

"मराठीतून शिव्या बऱ्याच दिवसांनी खाल्ल्या," तो म्हणाला. चिडून नव्हे, जरा नवल वाटल्यासारखं.

"अजून खाल. मोहनाबेन कुठं आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय."

"ती नाहीये."

"मग कधी येतील?"

तो शटरची कडी धरून उभा राहिला. "मागच्या फेब्रुवारीत... गेली ती."

नीरजाला एवढा राग आला होता आणि आता तो ठेवायला जागाच राहिली नाही. मग हिशोब तिच्या लक्षात आला आणि राग परत आला.

"म्हणजे चौदा महिने? चौदा महिने तुम्ही त्यांच्या पासवर गाडी लावताय?"

"तेराव्यानंतर दुकान उघडायला आलो," तो म्हणाला. "गोविंदकाकांनी मला लांबून पाहिलं आणि खुर्ची उचलली. दहा वर्षं उचलत होते. नको म्हणायला तोंड उघडलं, पण... लावली गाडी. दुसऱ्या दिवशी पण उचलली."

"एक वाक्य बोलता आलं नाही?"

"नाही."

"मी पाच वर्षांच्या अडखळणाऱ्या मुलांना तीन आठवड्यांत बोलतं करते."

"पाटी वाचलीय तुमची," तो म्हणाला. "पण वयाची अट आहे ना?"

नीरजाला हसू आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा. त्यानं, म्हणजे मोहनाबेनच्या नवऱ्यानं, सौमित्रनं, मुकाट्यानं गाडी बाहेर काढली. नीरजानं आपली गाडी त्या चित्रावर लावली, दार पूर्ण उघडलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा न दमता कामाला बसली.

बारा वाजता क्रेन आली आणि तिची गाडी उचलून घेऊन गेली. पास तिच्या नावावर नव्हता.

"गेलेल्या बाईंच्या पासवर धावणारा माणूस चौदा महिने गाडी लावतो, त्याला कोणी विचारत नाही!" ती सौमित्रच्या दुकानात शिरून ओरडली. आत एक आजी नंबर तपासायला बसल्या होत्या, त्या दचकून शेवटची ओळ बरोबर वाचून गेल्या. "माझा पाय खरा, कॅलिपर खरं, आणि पहिल्याच दिवशी क्रेन!"

"चला," सौमित्र उठला. "गाडी सोडवू. मग ऑफिसात जाऊन पास रद्द करून टाकू. आजच."

'आजच' या शब्दावर नीरजा पुढं कितीतरी दिवस त्याला बोलत राहिली.

वॉर्ड ऑफिसात खिडकीमागं मुकुंदभाई होते. शांत, गोड माणूस. गोड माणसाशी भांडता येत नाही, हाच सगळ्यात मोठा त्रास. त्यांनी सौमित्रचा अर्ज दोनदा वाचला. पास रद्द करायचा तर पासधारकानं जाते आववुं पडशे, स्वतः यायला हवं, असं ते म्हणाले.

"त्या वारल्यात," नीरजा म्हणाली.

"हा, पण नियम..."

"मुकुंदभाई, त्यांना मी कुठून आणू?"

मुकुंदभाईंनी त्यावर खरोखर थोडा विचार केला. मग म्हणाले, मरणाचा दाखला आणा.

दुसऱ्या खेपेला दाखला नेला. त्यावर मोहनाबेन लिहिलं होतं, पासवर नुसतं मोहना. मुकुंदभाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हळहळून म्हणाले, "आ तो बे जुदी बाईओ थई." दोन वेगळ्या बायका झाल्या. आता त्या एकच होत्या असं प्रतिज्ञापत्र हवं.

"तुमच्या गावात सगळ्यांनाच बेन लावता," नीरजा म्हणाली. "उद्या मला नीरजाबेन कराल आणि म्हणाल ही कोण?"

"थशे, बधुं थशे," मुकुंदभाई म्हणाले. होईल, सगळं होईल.

या खेपा नीरजाच्या गाडीतून व्हायच्या. "तुमच्यावर माझा भरवसा नाही," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सौमित्र शेजारी बसे. नीरजा हातानं ब्रेक ओढी, हातानं वेग देई, आणि प्रत्येक सिग्नलला सौमित्रचा उजवा पाय खाली काहीतरी दाबत असे.

"पाय कशाला दाबताय? या गाडीत माझाच चालत नाही, तुमचा काय चालणार?"

"सवय," तो म्हणाला. "दहा वर्षं मीच चालवायचो. मोहना इथं, या बाजूला बसायची आणि सांगायची—हळू, डावीकडं, गाय आहे."

"मग आता तुम्ही सांगा."

"काय?"

"गाय आहे, पुढं."

गाय खरंच होती. नीरजानं ब्रेक ओढला. दोघं पुढं झुकले, मागं आले, आणि सौमित्र हसला. त्याला आपण हसलो याचंच आश्चर्य वाटलेलं नीरजाला दिसलं. तिनं गायीकडं बघितलं.

तिसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र होतं, रांग होती आणि पंखा बंद होता. नीरजाचा चष्मा घामानं सारखा नाकावरून घसरत होता. सौमित्रनं खिशातून बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"द्या इकडं. पंधरा दिवस बघतोय, उजवी काडी सैल आहे."

"पंधरा दिवस बघताय आणि आज बोलताय?"

"मी उशिराच बोलतो. तुम्हाला माहीत आहे."

त्यानं हात पुढं केला, थांबला... नीरजानं मान जराशी पुढं केली. त्यानं दोन्ही काड्या धरून चष्मा अलगद काढला. ऑफिस, रांग, मुकुंदभाई, सगळं धूसर झालं. समोर एक उंच पांढरा शर्ट तेवढा उरला, आणि स्क्रू फिरण्याचा बारीक आवाज. त्यानं रुमालानं काचा पुसल्या आणि चष्मा परत घातला, तेव्हा त्याचं बोट तिच्या कानामागं क्षणभर टेकलं.

"घट्ट होतोय?"

"नाही," नीरजा म्हणाली. आवाज जरा वेगळा आला. म्हणून ती लगेच खिडकीवर ओरडली, "मुकुंदभाई, अजून किती वेळ?"

मुकुंदभाईंनी तिच्या अर्जाची पानं उलटली. तिचा डॉक्टरचा दाखला जुना होता.

"पोलियो हजी छे?" त्यांनी मायेनं विचारलं. अजून आहे का?

"नाही. सोमवारी बरा होतो, मंगळवारी परत येतो."

सौमित्र भिंतीकडं तोंड करून हसत होता. त्याचे खांदे हलताना दिसत होते.

शेवटी चौथ्या खेपेला सगळे कागद जुळले. मुकुंदभाईंनी मोहनाचा पास समोर ठेवला. गाडीच्या काचेवरून काढताना त्याचा एक कोपरा फाटला होता. फोटोतली बाई मिश्किल होती, कोणाला तरी काहीतरी बोलून मगच फोटोला बसल्यासारखी. मुकुंदभाईंनी शिक्का उचलला आणि नावावर लाल गुजराती अक्षरांत 'रद' उमटवला.

सौमित्र त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हा मला... मिळेल?"

नाही, फाइलमध्ये ओरिजिनल लागतो, मुकुंदभाई म्हणाले.

नीरजा पुढं सरकली. "मुकुंदभाई, डिसेंबरपासून तुम्ही माझ्याकडून झेरॉक्स मागताय. आधारची झेरॉक्स, दाखल्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. आज ही घ्या." तिनं पर्समधून मोहनाच्या पासची प्रत काढून खिडकीत ठेवली. येतानाच खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली होती. "तुमच्या फाइलला कागद हवाय. यांना हा हवाय."

मुकुंदभाईंनी प्रतीकडं पाहिलं, सौमित्रकडं पाहिलं. मग ओरिजिनल बाहेर सरकवला आणि चष्मा काढून उगाचच पुसत बसले.

दोघांनी वाटेत सेव-उसळ खाल्ली. सौमित्रनं नेहमीसारखी जास्त सेव तिच्या ताटलीत ओतली. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा पास त्याच्या मांडीवर होता.

"आता सकाळी... म्हणजे ऑफिसचं काम संपलं," तो म्हणाला. "आता तुमच्या गाडीत बसायला मला..."

आणि तो थांबला.

नीरजाच्या क्लिनिकमध्ये एक नियम होता. अडलेल्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. कितीही घाई असो, कितीही माहीत असो पुढं काय आहे. आईबापांना ती हे बजावून सांगायची. आपण पुरं केलं की ते वाक्य बोलणाऱ्याचं कधीच होत नाही.

म्हणून ती थांबली. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षानं हॉर्न वाजवला. सौमित्रनं खिडकीबाहेर पाहिलं.

"चला," तो म्हणाला.

नीरजानं गाडी इतक्या जोरात पुढं घेतली की त्याचा पाय परत खाली दाबला गेला.

पुढचे दहा दिवस तो आलाच नाही. तेवीस पावलांवर दुकान, मध्ये एक जिना आणि पाण्याचा कूलर. शटरचा आवाज यायचा, माणूस नाही. पास मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा ते सांगायला तिचा हात फोनवर गेला आणि तिनं फोन पर्समध्ये टाकला. मी का सांगू? मी तर पूर्ण वाक्यं बोलणारी बाई आहे. घरी मांजलपूरला आईनं विचारलं, "हल्ली भाजीवर का राग काढतेस?" नीरजानं भेंड्या आणखी बारीक चिरल्या.

पास टपालानं शुक्रवारी आला. त्यावर नीरजाबेन लिहिलं होतं.

शनिवारी सव्वानऊला ती कॉम्प्लेक्सशी पोचली. गोविंदकाका खुर्ची उचलतील का? त्यांच्या लेखी ती जागा अजून मोहनाबेनचीच होती. तिनं गाडी वळवली आणि ब्रेक ओढला.

लाल खुर्ची तिथंच होती. आणि खुर्चीवर सौमित्र बसला होता. घामेजलेला, बुटांवर धूळ. गोविंदकाका शेजारी हात मागं बांधून उभे होते.

तो उठला. खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि वाट मोकळी केली. नीरजानं गाडी चित्रावर नीट मध्ये घेतली, दार पूर्ण उघडलं.

"कधीपासून बसलाय?"

"पावणेनऊपासून. पास पाठवल्याचं मुकुंदभाईंनी कळवलं."

"माझी वेळ साडेनऊची आहे."

"माहीत आहे."

"तुमची गाडी?"

"मैदानापलीकडं. दहा दिवस, तुम्ही यायच्या आधी येऊन, तिथंच लावतोय. चारशे दहा पावलं म्हणाला होतात. माझी तीनशे पाच होतात. पण कडुलिंबाखाली मी रोज थांबतो... आणि झेरॉक्सच्या पायरीवर बसतो. दहा दिवस तिथं बसून एक वाक्य तयार करतोय."

नीरजा गाडीतच बसून राहिली. कुबडीवर हात होता. ऊन चढायला लागलं होतं, स्टिअरिंग तापलं होतं. ती काही बोलली नाही. नियम म्हणजे नियम.

"नीरजा, मला... ही खुर्ची..." तो थांबला. गोविंदकाका मदतीला तोंड उघडणार, तोच नीरजानं त्यांना हातानं गप्प केलं.

"मोहनाचा पास मी दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलाय," सौमित्र म्हणाला. "तो तिथंच राहील. आणि रोज सकाळी... तुमच्यासाठी ही खुर्ची मला उचलायची आहे. कायमची. तुम्हाला चालणार असेल तर. तुम्ही मला आवडता."

गोविंदकाकांनी मोठा श्वास सोडला, जणू तेच दहा दिवस रोखून बसले होते. मग खुर्ची काखेत मारून ते आपल्या केबिनकडं निघून गेले.

"एवढ्याशा वाक्याला दहा दिवस!" नीरजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग येत होता.

"मागच्या वेळेला चौदा महिने लागले होते," सौमित्र म्हणाला. "सुधारणा आहे ना?"

नीरजा कुबडी टेकून उतरली. क्लिनिकची जड पिशवी तिनं आजवर कोणाला उचलू दिली नव्हती. भावालाही नाही. तिनं ती सौमित्रच्या हातात दिली.

"चालेल," ती म्हणाली. "आता नुसते उभे काय राहिलात? चला. मला साडेनऊचा पेशंट आहे."

तो उताराच्या बाजूनं, तिच्या चालीनं चालायला लागला.