पिंजाऱ्याची कॅसेट

सुनंदाबाई बिऱ्हाडे यांच्या लेखी गाण्याचे दोनच प्रकार होते. जयंतीच्या मांडवात होतात ती भीमगीतं, आणि सकाळी रेडिओवर लागतात ती भावगीतं. बाकी सगळ्याला त्या 'डबडं' म्हणायच्या. त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, निंबानं, कधी डिस्को लावला की स्वयंपाकघरातून हुकूम सुटायचा, "बंद कर रे ते डबडं!" एखाद्या बुवांनी तान घेतली तर "याचं पोट दुखतंय का?" असं विचारून त्या रेडिओचा कान पिळायच्या. या बाईला एक दिवस भलत्याच वाद्याचं वेड लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर जळगावला लागून असलेलं त्यांचं अख्खं पिंप्राळा हसलं असतं.

कान मात्र फार तिखट. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर एकोणीस वर्षं काढलेली. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस अमळनेरचा की चोपड्याचा ते सांगायच्या. घरी आल्यावर हाच कान एका कामाला जुंपलेला असायचा. निंबाला पाचव्या वर्षी दमा जडला, तेव्हापासून त्याच्या पाठीला कान लावून त्याचे श्वास मोजायचे. दोन आखूड, एक लांब, आणि लांब श्वासाच्या शेपटीला बारीक शीळ. ती शीळ हजारांतून ओळखली असती त्यांनी. शेजारणी ताईत सुचवायच्या, कुणी अंगारा आणून द्यायचं. "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर अंगारा लावू होय?" असं म्हणून त्या पोराला घेऊन सरळ डॉक्टरकडं जायच्या. गोळ्या, वाफारा, तोंडात मारायचा पंप. एवढ्यावर पोरगा एकोणीस वर्षांचा झाला.

आणि १९८८च्या पावसाळ्यात तो धुळ्याला गेला, डिप्लोमाला. देवपुरात एका घराच्या मागच्या अंगाला खोली घेतली. सुनंदाबाईंचा जीव टांगणीला लागला. नवरा यादवराव हायस्कुलात गणित शिकवायचे. ते म्हणाले, "अगं, किती दिवस पाठीला कान लावून बसणार? जाऊ दे त्याला." बाईंनी जाऊ दिलं. पण पंचावन्न मैलांवरून श्वास ऐकू येत नाहीत, याची त्यांना इतकी चीड यायची की एक्स्चेंजमध्ये धुळ्याची लाइन लावताना त्यांचा आवाज उगाच तुटक व्हायचा.

कॅसेट आली ती चुकून. स्टँडजवळ भिकनचं दुकान होतं, तो कॅसेटा भरून द्यायचा. दिवाळीनंतर बाईंनी त्याला अठरा गाण्यांची यादी दिली होती. भरलेली कॅसेट घरी आणून टू-इन-वनमध्ये घातली, तर गाण्याचा पत्ता नाही. आधी फितीची खरखर, मग एक घोगरा, जाड, ओढल्यासारखा आवाज. सारंगीच म्हणावी तर सारंगी कधी इतकी खाली उतरत नाही.

"हे काय, कुणी गादी पिंजतंय का?" यादवराव वह्या तपासता तपासता म्हणाले.

"पिंजारीच बसलाय आत," बाई म्हणाल्या. "भिक्यानं काय दिलंय बघा! जाते उद्या आणि चांगली झाडते त्याला."

त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं, पिंजाऱ्याची कॅसेट. वर चिठ्ठी होती, तिच्यावर पेन्सिलीनं फक्त '१ ते ८' लिहिलेलं. मागच्या बाजूचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडलेले, म्हणजे तिच्यावर नवं काही भरता येणार नाही असा बंदोबस्त. दुसऱ्या दिवशी बाई तावातावानं दुकानावर गेल्या, तर कुलूप. भिकन भाचीच्या लग्नाला एरंडोलला गेलेला, आठ दिवस येणार नव्हता.

त्या आठ दिवसांत घात झाला म्हणा. सकाळपाळी करून बाई अडीचला घरी यायच्या. घर रिकामं. एकदा भांडी घासताना सोबत म्हणून त्यांनी तीच कॅसेट लावली. पहिला तुकडा डबडं. दुसरा डबडं. तिसरा सुरू झाला आणि हातातली कढई तशीच राहिली. त्या आवाजात शब्द नव्हते. दिवसभर बाईंच्या कानांत शब्दच शब्द. 'हॅलो पाचोरा', 'बोला, बोला', 'तीन मिनिटं झाली'. गाण्यांतही कुणीतरी काहीतरी सांगत असायचंच. हा आवाज मात्र काही मागत नव्हता, कुणाला जोडून द्या म्हणत नव्हता. तुकडा संपला तेव्हा राखेचा हात गालाला लागलेला होता, आणि गाल ओला होता. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांच्या आपल्या गाण्यांशी काहीतरी दगाबाजी केल्यासारखं वाटलं. तरी उद्या अडीच कधी वाजतात असंही झालं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या कानाला ते लागलं. प्रत्येक तुकड्याच्या आधी वाजवणारा माणूस श्वास घ्यायचा. नाकानं, खोल. मग तार बोलायची. आठ तुकडे, आठ श्वास. श्वास आला की बाईंना मोजल्याशिवाय राहवतंय थोडंच! माणूस साठीचा असावा, एक नाकपुडी चोंदलेली, छाती मात्र भक्कम, असं निदानही त्यांनी करून टाकलं.

"याला कुणीतरी हळदीचं दूध द्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

यादवराव चष्म्यावरून बघत राहिले. "तू बरी आहेस ना?"

भिकन परत आला. त्यानं कॅसेट उलटसुलट करून पाहिली, दोन मिनिटं ऐकली आणि मान हलवून आपल्या अहिराणीत म्हणाला,

"हाई कॅसेट मनी नही शे, अक्का. आसं वाजाडनारं बठ्ठा जळगावमा कोनी नही."

"मग माझ्या पिशवीत कुठून आली?"

"काय माहीत! तुमची भरेल कॅसेट तं हाई काय, फळीवर पडेल शे." त्यानं खरंच फळीवरून बाईंची अठरा गाण्यांची कॅसेट काढून दिली. "ती द्या, ठी देस मी. कोनी विचारत उना तं दी टाकसू."

बाईंनी पिशवीचं तोंड आवळलं. "राहू दे माझ्याकडं. कुणी आलं तर माझा पत्ता सांग." आणि झरझर चालत्या झाल्या. कुणी यायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

नोव्हेंबरातला तो बुधवार. ऊन पांढरं पडलं होतं. बाई अडीचला आल्या, जेवल्या, आणि मेथी निवडत टेपजवळ बसल्या. एकामागून एक आठ तुकडे झाले. आठव्यानंतर पुढं चार-पाच मिनिटं कोरी फीत असायची. नुसती खरखर. बाई ती बंद करायच्या नाहीत. तेवढ्या वेळात भाजी निवडून व्हायची.

खरखरीत कुणीतरी श्वास घेतला.

बाईंचा हात थांबला. नऊ? नऊ कसे होतील? कान टवकारून त्या टेपकडं सरकल्या. पुन्हा श्वास. आखूड. पुन्हा आखूड. मग एक लांब, आणि त्याच्या शेपटीला बारीक शीळ.

हा वाजवणारा माणूस नव्हता. हा निंबा होता.

'थकलेय मी,' त्यांनी स्वतःला बजावलं. 'भास आहे.' तेवढ्यात त्या श्वासांच्या मागं, लांब कुठंतरी, टंय्‌ टंय्‌ असा आवाज सुरू झाला. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. यादवरावांच्या थट्टेतला नव्हे, खराखुरा. अंगणात कापूस उडत असताना येतो तो.

कापसाचं बोंड फुटलं तरी ज्या पोराची छाती भरून येते, त्याच्या श्वासामागं पिंजारी.

बाई उठल्या. मेथी जमिनीवर सांडली. खात्यानं दिलेला फोन खिडकीत होता. त्यांनी एक्स्चेंज लावलं. बोर्डावर मंदाबाई होत्या.

"मंदाबाई, धुळं द्या. लाइटनिंग." लाइटनिंग म्हणजे आठपट दराचा, सगळ्यांच्या आधी जोडायचा कॉल. निंबा राहायचा त्या घरासमोरच्या, त्याला बोलावून देणाऱ्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर त्यांनी एका दमात सांगितला.

"अहो, झालं काय?"

"नंतर सांगते."

घंटा वाजत राहिली. मागं टेप चालूच होता. शीळ वाढत होती.

"हालो, पितांबर किराना."

"पितांबरभाऊ, मी निंबाची आई, जळगावहून. निंबा कुठं आहे?"

"खोलीमाच शे अक्का. परीक्षानी सुट्टी शे ना, अभ्यास करी ऱ्हायना व्हई. दार लायेल शे."

"तुमच्याकडं कुणी गाद्या पिंजतंय का?"

"घरमालकीणनी पिंजारी बलायेल शे. अंगनमा बसेल शे तो. तुमले कसं—"

"दार वाजवा. उघडलं नाही तर तोडा. भाऊ, पळा!"

रिसीव्हर फळीवर आदळल्याचा आवाज आला. मग त्या उघड्या फोनमधून, रस्त्यापलीकडून, बाईंना ऐकू आलं. टंय्‌. टंय्‌.

मागं टेपमध्येही टंय्‌. टंय्‌.

दोन्ही एका ठेक्यात.

बाईंनी दुसऱ्या हातानं खिडकीचा गज धरला.

टेपमधला श्वास आखूड झाला. आणखी आखूड.

फोनमध्ये कुणीतरी ओरडलं. धनुकली थांबली.

टेपमध्येही थांबली.

निंबाचा श्वास थांबला.

बाई मोजत होत्या. एक. दोन. तीन. चार. पाच.

मग टेपमध्ये श्वास आला. खोल, नाकानं, एक नाकपुडी चोंदलेली. इतका लांब श्वास त्या माणसानं कधीच घेतला नव्हता. फोनमध्ये फळ्या मोडल्याचा आवाज झाला, आणि टेपचं बटण खट्‌कन वर आलं. फीत संपली होती.

पुढची वीस मिनिटं फोनमध्ये नुसता रस्ता होता. एक सायकल, कुणाची तरी शेळी. तीन मिनिटं झाली की सुनंदाबाई लोकांना तोडायच्या. आज मंदाबाईंनी तोडलं नाही. मग धापा टाकत पितांबरभाऊ आले.

"अक्का! पोऱ्या वाचना!"

बाईंचं माहेर भुसावळपलीकडचं, पण एकोणीस वर्षं अहिराणी कानांत घातलेली. त्या क्षणाला मात्र ते सगळं कुठं गेलं कोण जाणे. वाचेना. पोरगा वाचेना. त्या मटकन खाली बसल्या.

लाइनीवर मंदाबाई ओरडल्या. त्या मूळच्या साक्रीच्या, अहिराणी त्यांच्या घरचीच. "अहो बाई, वाचला! वाचला म्हणतोय तो! रडताय काय!"

"हाऊ ना!" पितांबरभाऊ म्हणाले. "पिंजारीनी लाथ मारी दार तोडं, खांदावर टाकीसन कोपरावरला डागदरकडे लयी गया. इंजेक्शन दिधं, नळी लायी. आत्ते बोली ऱ्हायना. तुमलेच इचारस."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या, रडल्या, मेथीच्या पसाऱ्यात बसून मंदाबाईंना शिव्या दिल्या, मग आशीर्वाद दिले.

दिवेलागणीला नवरा-बायको धुळ्याला पोचले. निंबा उशीला टेकून ग्लुकोजची बिस्किटं खात होता. बाईंनी आधी त्याच्या पाठीला कान लावला, पुरते शंभर श्वास मोजले, आणि मग त्याला झोडपला. पंप चार दिवसांपासून रिकामा होता आणि शहाण्यानं सांगितलं नव्हतं! पिंजारी दाराशी उभा होता, दाढीत कापूस अडकलेला. बाई त्याचे पाय धरायला वाकल्या तर तोच दोन हात मागं सरकला.

"आई, तुला कळलं कसं?" निंबानं विचारलं.

"आईला कळतं," यादवराव म्हणाले.

निंबा बिस्कीट हातात धरून बसला. "शेवटी श्वास आतच जाईना. मी उठूही शकलो नाही. मग एक मोठा श्वास आत गेला. पण तो माझा नव्हता, आई. थंडगार होता. जुन्या लाकडाचा वास येत होता त्याला, आणि सारंगीवाले गजाला घासतात तसल्या राळेचा. दार फुटेपर्यंत तेवढ्यावर होतो मी."

"खा ते बिस्कीट," बाई म्हणाल्या. अंगावर काटा आलेला त्यांनी पदराखाली झाकला.

आठवडाभर त्यांनी टेपला हात लावला नाही. निंबा घरी आला, नवा पंप आला, पोरगा तुकतुकीत दिसायला लागला. तेव्हा बाईंना वाटलं, इतकं घेतलं आणि साधं ऐकायलाही बसू नये, हे काही माणुसकीचं नाही. दुपारी त्यांनी कॅसेट लावली. तोच घोगरा, लाडका आवाज. पहिला श्वास, पहिला तुकडा. दुसरा. तिसऱ्याला त्या पुन्हा रडल्या. सातवा संपला.

खरखर सुरू झाली. बाई वाट बघत राहिल्या. आठवा श्वास आला नाही. तुकडाही सुरू झाला नाही. पण ती कोरी फीत नव्हती. कुणीतरी लाइन धरून उभं असलं की जशी शांतता असते, तशी होती. ती बाईंना चांगली ओळखता यायची. नकळत त्यांच्या छातीतून एक खोल श्वास आत गेला.

त्याच क्षणी तार बोलली. आठवा तुकडा सुरू झाला.

बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या घरात असलं बोलत नसत. पंधरवड्यानं एका संध्याकाळी त्या ड्यूटीवरून आल्या, तर यादवराव टेपपुढं बसलेले. त्यांनाही आता त्या कॅसेटची गोडी लागली होती.

"अगं, हिचा आठवा तुकडा गेला वाटतं," ते म्हणाले. "तीनदा लावून बघितली. सात होतात आणि पुढं नुसती खरखर. बघ, आताही तेच."

बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली. पदर सावरून टेपजवळ बसल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि श्वास आत घेतला.