वरच्या छत्रीतलं घर

थापा मारण्यात आणि खोड्या काढण्यात माझी अर्धी हयात गेली. कुणाच्या खुर्चीखाली भोंगा लाव, कुणाच्या चहात मीठ टाक, हेच माझे उद्योग. त्यामुळे हे वाचून ओळखीचे लोक हसणार, हे मला ठाऊक आहे.

हसा.

पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आणि अंधारी रात्र, स्मशान, घुबड असलं काही शोधू नका. गुरुवार होता. भरदुपार. जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड, समोर ऑफिसचा कॉम्प्युटर.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. माझं काम भिंतींना धडकायचं. खरंच! गेममधल्या मुलीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक भिंतीवर, दारावर, कठड्यावर आपटायचं. कुठे फट राहिली असेल तर ती आरपार जाते, आणि मग खेळणारी पोरं शिव्या घालतात. म्हणून पोरांच्या आधी मी. पन्नाशी आली. बोटं दुखतात. झोपेतही भिंतीच दिसतात.

हा गेम मात्र माझा जीव की प्राण. कारण त्यातलं गाव माझ्या मेहुण्यानं काढलं होतं.

बायकोचा धाकटा भाऊ, राहायचा आमच्याकडेच. लहानपणापासून ॲनिमे, म्हणजे ती जपानी कार्टून, बघून बघून पार कामातून गेलेला. माणूस काढला की त्याला बशीएवढे डोळे. म्हणून ऑफिसात सगळे त्याला डोळ्या म्हणायचे.

पण गाव काय काढलं होतं पठ्ठ्यानं!

प्रचंड उलट्या छत्र्या. एकीवर एक, डोंगराएवढा ढीग. प्रत्येक छत्रीत तळं, तळ्याकाठी घर. वरच्या छत्रीतलं पाणी खालच्या छत्रीत ठिबकायचं, आणि लोक त्या थेंबात बसून खाली यायचे. वर जायचं तर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून चालत. रस्त्यावरचे दिवे म्हणजे काचेचे मासे. उजाडलं की पोहत निघून जायचे.

"अरे, हे सुचतं कधी तुला?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही घोरता तेव्हा, भाऊजी. झोप तर लागत नाहीच."

त्याचा एक हट्ट होता. खिडकी रिकामी ठेवायची नाही. दाढी करणारा म्हातारा, आळस देणारी मांजर, काही ना काही प्रत्येक खिडकीत असायचंच.

आणि आमचा दोघांचा एक खेळ होता. मी त्याच्या गावात गुपचूप एक चप्पल टाकायचो. छपरावर, तळ्यात, कुठेही. ती शोधून त्यानं शेजारी दुसऱ्या पायाची ठेवायची. मग टाकायची पाळी त्याची, जोड पुरा करायची पाळी माझी. साहेबांना पत्ताच नव्हता.

तो स्वतःही चपला ओढत चालायचा. फट... फट... लांबून कळायचं, स्वारी आली.

एका सकाळी तो उठलाच नाही. झोपेतच गेला. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती.

सगळ्यात वरच्या छत्रीतलं घर तेवढं राहिलं होतं. आमच्याकडे जे काढायचं राहिलंय त्याच्या जागी एक राखाडी ठोकळा ठेवतात. जागा अडवायला. तर तिथे नुसता तो ठोकळा उभा. ना दार, ना खिडकी.

सुतक संपवून मी कामावर आलो, तेव्हा त्या ठोकळ्यापुढे एक चप्पल टाकली. डाव्या पायाची, साधी.

उत्तर येणार नाही हे माहीत होतं. हाताची सवय, दुसरं काय.

मग साहेब म्हणाले, "शुक्रवारी गेम द्यायचाय. हा ठोकळा घेऊन बाजारात जाऊ का मी? वरची छत्री कापून टाका. तू एकदा धडकून घे, कापताना खाली काही फाटायला नको."

घरी सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"त्याचं शेवटचं आहे ते. कापू देऊ नका."

"अगं, मी काय करू? मला साधी सरळ रेघ येत नाही मारता."

"नाहीच येत. नुसत्या खोड्या येतात जन्मभर."

ती पुन्हा घड्या घालायला लागली. दोघं इतके दमलो होतो की भांडायचंही त्राण नव्हतं.

तर, गुरुवार. दुपार.

कानाला हेडफोन लावला आणि गेममधल्या मुलीला दोऱ्यांवरून वर न्यायला लागलो. पाणी ठिबकत होतं.

टप... टप... टप...

शेवटच्या छत्रीच्या काठावर तिचा पाय पडला, आणि...

ठिबकणं थांबलं.

हेडफोन काढून बघितला, वायर हलवली. काही नाही. शेजारच्या टेबलावर गेममधले आवाज करणारा पोरगा पेंगत होता. त्याला ढोसलं.

"वरचं पाणी बंद केलंस का रे?"

"काका, आठवडाभर मी हातही लावलेला नाही. तुमची काही गंमत असेल तर आत्ताच सांगा. माझ्यात ताकद नाही."

"माझ्यात तरी कुठे आहे?" म्हटलं आणि हेडफोन परत लावला.

शांतता.

मग...

फट... फट...

मुलगी तर अनवाणी आहे. अख्ख्या गेममध्ये चपलांचा आवाज नाही. तो कुणी केलेलाच नाही.

फट... फट... आधी डाव्या कानात. मग मागून.

मी वळून बघितलं. मागे भिंत.

पुन्हा पडद्याकडे बघितलं. ठोकळ्यापुढे माझी चप्पल होती. आणि तिच्या शेजारी...

दुसरी.

उजव्या पायाची. तिचा पट्टा तुटलेला, आणि तिथे पिन लावलेली.

माझ्या खऱ्या उजव्या चपलेचा पट्टा तुटलाय. मी तिथे पिनच लावली आहे. ती चप्पल त्या क्षणी टेबलाखाली माझ्या पायात होती. मी वाकून खात्री केली.

माणूस घाबरला की त्याला येतं तेच करतो. मी मुलीला ठोकळ्यावर आपटलं.

ती आरपार गेली.

आत खोली होती. हातानं रंगवलेली, डोळ्या सगळ्या घरांना द्यायचा त्याच निळ्या रंगात. छताला काचेचा मासा. टेबल. समोरासमोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. मी मुलीला मागच्या मागे बाहेर काढलं.

ठोकळा नव्हता. घर होतं. दार, छप्पर, आत दिवा.

आणि खिडकी...

खिडकी रिकामी होती.

डोळ्या खिडकी रिकामी ठेवत नाही.

माझ्या खांद्यावर हात पडला आणि मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. साहेब होते.

"कुणाकडून रंगवून घेतलंस?" ते पडद्याकडे बघत राहिले. "अगदी त्याचाच हात वाटतो."

"साहेब, मी..."

"तू नाही तर कोण? जन्मात पहिल्यांदा कामाची खोडी केलीस. राहू दे छत्री."

माझं तोंड उघडंच होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घर तपासायला काढून ठेवलं असतं, आणि शुक्रवार उलटला असता. बायकोचे थांबलेले हात आठवले.

तोंड मिटलं.

गेम बाजारात गेला. वरच्या छत्रीसकट. बायको रोज खेळते, थेट वर चढते आणि त्या घरापुढे बसून राहते. आता तिला झोप लागते.

मला लागत नाही.

कारण खेळणारी पोरं इंटरनेटवर लिहायला लागलीत, की वरच्या खिडकीतला काका लई भारी आहे. ढेरपोट्या, मिशीवाला, बशीएवढ्या डोळ्यांचा.

आवाजवाला पोरगा म्हणाला, "काका, स्वतःलाच बसवलंत होय? कमाल आहे तुमची."

आम्ही दिला त्या गेममध्ये ती खिडकी रिकामी होती. मी स्वतः बघितली होती.

बायकोला विचारलं. ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "तुम्हीच की हो. खूप दमलेले दिसता."

"आणि दुसरी खुर्ची?"

"ती जरा मागे सरकलेली आहे. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी."

मी अजून बघितलेलं नाही. बघणारही नाही.

आज सकाळी कामावर निघालो, तर दाराबाहेर एकच चप्पल. डाव्या पायाची. पिनवाली उजवी गायब. जिना, गच्ची, कचऱ्याचा डबा, सगळं पालथं घातलं.

"कुत्र्यानं नेली असेल," बायको म्हणाली.

आमच्या इमारतीत कुत्रा नाही.

ती चप्पल कुठे आहे, ते मला कळलंय. वरच्या छत्रीत, त्या घराच्या दारात. आणि आमच्या खेळाचा नियम तुम्हाला सांगितलाच आहे. एकानं एक टाकली, की दुसऱ्यानं जोड घेऊन यायचं.

डावी चप्पल मी कपाटात घालून कुलूप लावलंय. अनवाणी कामावर आलो. सगळ्यांना वाटलं, काकांची नवी गंमत.

तसा दमलोय मी. त्या खुर्चीवर टेकावंसं वाटेल इतका.

पण डोळ्या, थांब जरा बाबा. पाळी माझी आहे, आणि मला अजिबात घाई नाही.