चूक हलवली आहे

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. बारा संगणक, एक पंखा आणि चहाचं मशीन. एआयकडून बनवून घेतलेली चित्रं लोक आमच्याकडे विकायला पाठवत. पुढे ती जाहिरातवाले, मासिकवाले घेत. त्यातली विकण्याजोगी कोणती, ते आम्ही ठरवायचं. चित्र चौपट मोठं करायचं, बोटं मोजायची, कान बघायचे, सावल्या तपासायच्या, पाट्यांवरची अक्षरं वाचता येतात का ते बघायचं. चूक सापडली की एका ओळीत कारण लिहून नामंजूर. लग्नाआधी मी फोटो स्टुडिओत बारा वर्षं काढली होती, त्यामुळे माझी नजर तिखट. साहेबांची त्याहून. आम्ही त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणायचो.

घरी मी आणि वन्सं, माझी मोठी नणंद. नवरा जहाजावर, आठ-आठ महिने. लग्नाला सात वर्षं झाली तरी वन्सं मला आश्रिताचीच वागणूक द्यायच्या. मीही काही कमी नव्हते. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात, तसं आमचं.

मंगळवारी एका नव्या माणसाचं चित्र आलं. नाव नाही, नुसता क्रमांक. स्वयंपाकघर, टेबल, टेबलावर कप, पाठमोरी बसलेली एक वयस्क बाई. चित्र सुरेख होतं. फक्त कपाला सावली नव्हती. मी तसं लिहून परत पाठवलं. दहा मिनिटांत दुरुस्त होऊन आलं. खाली शेरा होता, 'चूक हलवली आहे.' 'काढली' म्हणायचं असेल, असं मला वाटलं.

चारला सुटून घरी आले. वन्सं खिडकीशी चहा पीत होत्या. टेबलावर तिरपं ऊन आलं होतं. बशीची सावली होती, चमच्याची होती. कपाची नव्हती. मी कप उचलून दुसरीकडे ठेवून बघितला.

"तो माझा आहे," वन्सं म्हणाल्या.

बुधवारी त्याच स्वयंपाकघराचं दुसरं चित्र आलं. फळीवरच्या डब्यांच्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या. नामंजूर. लगेच दुरुस्ती, लगेच तो शेरा. घरी पाऊल टाकते तोच वन्सं कडाडल्या, "माझ्या डब्यांना कोणी हात लावला?" चिठ्ठ्या त्यांच्याच होत्या, तीच निळी शाई, तेच वळण. पण त्यावर ओळखीचं एकही अक्षर नव्हतं.

उन्हाच्या, ओल्या शाईच्या कारणांनी मी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी चित्रातली बाई वळून बसली होती. डाव्या हाताला सहा बोटं. सवयीनं मी नामंजूर करून मोकळी झाले. संध्याकाळी वन्सं मटार सोलत होत्या. मी त्यांची बोटं दोनदा मोजली.

"काय बघतेस?"

"हे बोट..."

"जन्मापासून आहे. सात वर्षांत आज दिसलं होय?"

शुक्रवारी सकाळी त्या फोनवर भावाशी बोलत होत्या. "तिचं सामान बांधून ठेवते. तू आलास की एकदाचा सोक्षमोक्ष लाव." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "अस्सं," म्हणत वन्सं हसल्या. मी चपला घालून निघाले.

ऑफिसात चित्र वाट बघत होतं. बाई समोर तोंड करून बोलत होती. उजवीकडे ओठांचा कोपरा किंचित फिसकटला होता. दुसऱ्या कुणीही ते सोडून दिलं असतं. मी बराच वेळ बघत बसले. मग लिहिलं, 'ओठ एकमेकांत मिसळले आहेत.' आणि बटण दाबलं.

त्या संध्याकाळी वन्सं काही बोलल्या नाहीत. नाकाखालून हनुवटीपर्यंत कातडी सरळ उतरली होती. त्या टेबलावर तळहात आपटत राहिल्या. मी पान वाढून घेतलं. खोटं कशाला सांगू, त्या शांततेत जेवण गोड लागलं.

सकाळी त्या तिथेच बसलेल्या दिसल्या. उपाशी.

या चित्रवाल्याला काही लिहायचं, चूक परत घ्यायला सांगायचं, असं ठरवून ऑफिसला गेले. पण नामंजुरीच्या कारणाशिवाय त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. आणि चित्र येऊन पडलं होतं.

त्यात दोन बाया होत्या. एक टेबलाशी, धडधाकट. दुसरी दारात, खांद्याला माझी पिशवी. केसांपासून हनुवटीपर्यंत नुसती कातडी.

मी 'मंजूर' दाबलं.

"डोळे कुठे गहाण ठेवलेत, बाई?" भिंग मागेच उभे होते. "हिला चेहरा नाही."

"राहू द्या ना, साहेब. कलात्मक वाटतं."

"कला घरी बसून करा." वाकून त्यांनी माझ्याच कीबोर्डवर मंजुरी मागे घेतली आणि कारण लिहायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी झटकलं.

नामंजूर.

मिनिटभरात दुरुस्त चित्र आलं. दारातली बाई माझ्याकडे बघत होती. डाव्या भुवईवर माझ्या लहानपणीच्या जखमेचा व्रणसुद्धा होता. शेरा तोच.

"आता कसं, शंभर नंबरी," भिंग म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि दोन पावलं मागे सरकले.

मी पिशवी खांद्याला लावून घरी निघाले. जिन्यात मी चेहऱ्याला हात लावला नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून वर गेले. बेल वाजवली.

वन्संनी दार उघडलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नजर कुठे ठेवावी, ते त्यांना सापडत नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केला. अंधारात बटण चाचपावं, तसा तळहात माझ्या कपाळावर ठेवला आणि सावकाश हनुवटीपर्यंत खाली आणला.

मध्ये तो कुठेच अडला नाही.