तिसरे दान

'शिंपला' या मालवाहू यानाची उष्णता बाहेर टाकणारी उजवी पंखी पहिल्याच माऱ्यात वितळली. द्वारका तांडेल यांनी यान नुकतेच खाली वळवले होते आणि शत्रूचा किरण जणू तिथे आधीच येऊन वाट पाहत होता.

"आपण वळायच्या आधीच त्यानं नेम धरला होता, काकी!" यानाची अभियंता मेहरुन परकार ओरडली. "हे कसं जमलं?"

"अंदाजानं. ते जहाज नऊ लाख किलोमीटर मागे आहे. त्याला आपण दिसतो ते तीन सेकंदांपूर्वीचे. त्याचा किरण इथे यायला आणखी तीन. म्हणजे सहा सेकंदांनी आपण कुठे असू, हे आधीच ओळखावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे लक्ष्यवेधक यंत्र आहे."

"आणि त्या लक्ष्यवेधकाला आपलं मन कळतं होय?"

"आपलं नाही, माझं. त्याला माझ्याच उड्डाणांवर शिकवलंय. तीस वर्षं महामंडळाची यानं चालवली मी. दिलेली प्रत्येक चुकांडी त्यांनी नोंदवून ठेवली."

यानात शेवाळाचे बियाणे होते. शनीच्या एका चंद्रावरच्या नव्या हर्णै वसाहतीतले प्राणवायू पुरवणारे शेवाळ रोग पडून मेले होते आणि तिथल्या पाचशे माणसांची हवा सरत चालली होती. महामंडळाला वसाहतीखालचे खनिज हवे होते. लोक जागा सोडेनात, म्हणून त्यांनी वसाहतीची वाट अडवली होती; मागचे जहाज त्यांचेच.

ध्वनिक्षेपक खरखरला. "बाई, मी निरंजन पालशेतकर बोलतोय. परत फिरा. पुढचा मारा पंखीवर बसणार नाही."

"निरंजन, जेवलास का रे?"

सहा सेकंदांनी उत्तर आले.

"बाई, चेष्टा नको. वेधकाला तुम्ही पाठ आहात. तुम्ही स्वतःला ओळखत नसाल इतकं तो तुम्हाला ओळखतो."

"मग तू तिथं कशाला बसलायस? धर की हातानं नेम! माझ्याकडे शिकताना तुझा नेम स्थिर खडकावरही बसत नव्हता, आठवतंय?"

त्यांनी संपर्क तोडला आणि गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली कवडी सोडवली. पृथ्वीवरच्या जुन्या हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी वाळत असायची तेव्हा राखण करता करता आत्या कवड्यांचा डाव मांडायची. त्या डावातली ही शेवटची उरलेली कवडी.

"इंजिन चालू आहे तोवर वजन आहे, कवडी नीट पडेल," त्या म्हणाल्या. "उताणी पडली तर डावीकडे, पालथी पडली तर उजवीकडे. मी काही ठरवणारच नाही. मग तो काय ओळखणार?"

"आणि त्यानं उगाच कुठंही मारलं तर?"

"नाही मारणार. किरणाला ऊर्जा फार लागते. खात्री झाल्याशिवाय वेधक मारा सोडत नाही."

मेहरुनने जेवणाच्या ताटात कवडी टाकली. पालथी. यान उजवीकडे वळले. मग उताणी, पुन्हा पालथी. मागचे जहाज गप्प होते.

"बावचळलं बघा यंत्र!" मेहरुन हसली.

उताणी. डावीकडे. उताणी. पुन्हा डावीकडे.

तिसऱ्यांदाही कवडी उताणीच पडली.

"जळलं, काकी!" मेहरुन म्हणाली. तीही जुन्या हर्णैचीच, हाच डाव खेळलेली. आणि तिने कवडी परत उचललीसुद्धा.

द्वारकाबाईंचा हात सुकाणूवर उजवीकडे झुकला होता. तो तिथेच थबकला. एकच दान सलग तिसऱ्यांदा पडले की जळते, वेगळे पडेपर्यंत पुन्हा टाकायचे, हा आत्याचा नियम. पण डाव तर कधीच मागे राहिला होता. मग हात कशाला झुकला? त्यांना आपली जुनी उड्डाणे आठवली. धूमकेतूच्या शेपटीतली, चोरट्या खाणवाल्यांच्या माऱ्यातली. एकाच बाजूला सलग तीनदा आपण कधी वळलो होतो?

कधीच नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. हे त्यांना आजवर माहीत नव्हते. वेधकाला मात्र माहीत होते आणि तो याच क्षणासाठी गप्प बसला होता.

"काकी, परत टाकते!"

"टाकू नकोस! पडलं ते पडलं."

"अहो, पण तिसरं—"

"इथं आत्या नाहीये, मेहरुन!"

त्यांनी सुकाणू डावीकडे लोटले. त्याच क्षणी उजवीकडे शनीच्या कड्यांच्या बर्फधुळीत पांढरीफटक रेघ पेटली, अगदी त्यांचा हात झुकला होता तिथे. यानाचे कवच तडतडले, पण फुटले नाही.

मेहरुन मुठीतल्या कवडीकडे पाहत राहिली. "मी परत टाकली असती, तर..."

"तर पालथी पडायची वाट तो पाहतच होता."

ध्वनिक्षेपक पुन्हा खरखरला. निरंजनचा आवाज उतरला होता. "बाई, तुम्हीच चालवताय ना यान? वेधक म्हणतोय, चालक अनोळखी. खात्रीचा काटा तळाला गेलाय. तो आता माराच सोडत नाही."

"बरोबर आहे त्याचं. त्याला तुम्ही लोकांनी शिकवलीत ती बाई मघाशी उजवीकडे वळली. मी डावीकडे आहे. आणि निरंजन, महामंडळाला कळव. पुढच्या खेपेला नव्या हर्णैची पोरं यान चालवतील. प्रत्येकाच्या गळ्यात कवडी असेल. त्यांना पहिला धडा हाच देईन, की कुठलंच दान जळत नाही."

समोर चंद्राची कड मोठी होत होती. पण तिच्या आड जाईपर्यंत डाव चालूच ठेवायचा होता. मेहरुनने ताटात कवडी टाकली आणि डोळे विस्फारले.

"काकी, चौथ्यांदाही उताणी! आता याला काय म्हणायचं?"

"काही म्हणायचं नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "डावीकडे वळायचं."