बांधाखालचा झरा

"थांब, थांब! ओतू नकोस!"

शरणम्मा एवढ्या जोरात ओरडली, की गंगम्माच्या हातातला तांब्या वरच्या वर थांबला.

"काय झालं गं माय? इंचू चावला का?"

शरणम्माने, म्हणजे घरच्यांच्या शरूने, वाकून हंड्यात पाहिलं. तळाशी बोटभर पिवळा गाळ बसला होता.

"गंगम्मा, काल या झऱ्याचं पाणी कसं होतं?"

"आरशावानी! तोंड दिसायचं."

"आणि आज?"

"आज गढूळ हाय जरा. पर वाढलं किती बघ की! काल करंगळीएवढी धार, आज मनगटाएवढी. देवानं ऐकलं!"

ऐकलं म्हणायला कारणही होतं. उदगीर भागात त्या वर्षी भादव्यात एकदाच दणकून पाऊस झाला आणि मग आभाळ कोरडंठाक! विहिरींचे तळ उघडे पडले. पाणी उरलं फक्त शरूच्या काकांच्या तळ्यात. गुरुपादप्पांनी, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांनी, स्वतःच्या रानात नाल्यावर मातीचा उंच बांध घालून ते तळं केलं होतं. आणि ऐन दिवाळीच्या सुट्टीत त्या बांधाच्या पायथ्याशी झरा फुटला होता. आज चार वाजता त्याची पूजा! तीन गावं लोटणार होती.

"झरा वाहायला लागला की पाणी निवळत जातं. मग हे उलटं कसं?" शरू म्हणाली.

"माती येते कुठून?" सौदामिनीने विचारलं. ती शरूची वर्गमैत्रीण, सुट्टीत शरू आणि तिच्या भावासोबत काकांकडे आलेली. लातूर नवा जिल्हा झाला, तिच्या बाबांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली, आणि तेव्हापासून शरूचा भाऊ वीरभद्र तिला 'जिल्हा' म्हणूनच हाक मारायचा.

"जिल्ह्याला काय कळतंय मातीतलं!" वीरभद्र खिदळला, पण तिघांत बांधावर सगळ्यात आधी पोचला तोच. आणि तिथून त्याचीच हाक आली. तिच्यात हसू नव्हतं.

"अक्का! इकडं ये! पळत ये!"

काठापासून दोन हातांवर पाण्यात एक लहानसा भोवरा फिरत होता. वारा नव्हता. पळसाचं एक वाळलेलं पान गरगरत आलं, उभं राहिलं आणि गडप झालं!

"बघतो आत काय हाय ते!" वीरभद्र सदरा काढायला लागला.

शरूने त्याचा दंड घट्ट धरला. "पाऊल टाकलंस तर बघ! पानासारखा जाशील!"

सौदामिनीचा चेहरा उतरला. "शरू, हे पाणी बांधातून जातंय. जाताना आतली माती घेऊन जातंय. म्हणजे भोक मोठं होत असणार..."

बांधाच्या खाली, नाल्याच्या काठावर गंगम्माची वस्ती होती. सात घरं. आणि चार वाजता तर तीन गावं पायथ्याशी उभी राहणार होती!

पोरं धावत ईश्वरप्पाकडे गेली. तळ्याची देखभाल त्याच्याकडे. तो मांडवाचे बांबू रोवत होता.

"भोवरा? मासा असंल मोठा."

"मासा पान गिळून बसतो होय?" वीरभद्र म्हणाला.

"गेल्या साली बांधावरची बाभळ तोडली, मुळ्या कुजून जराशी खळगी पडली असंल. जावा, खेळा तिकडं! आप्पांच्या कानावर असलं काई घातलं तर तंगडी मोडीन!"

मोडायची ती मोडू दे, म्हणून पोरं आप्पांकडेही गेली. आप्पा परीटघडीचं धोतर नेसून तयार होते. "दुष्काळात देवानं दिलेल्या पाण्याला नावं ठेवता?" एवढंच बोलून ते पूजेला निघाले.

साडेतीन वाजले. बैलगाड्या यायला लागल्या. धार आता मांडीएवढी झाली होती, आणि लोक हात जोडत होते!

"आपलं कुणी ऐकणार नाही," सौदामिनी रडवेली झाली.

"ऐकू नका म्हणावं. बघा म्हणावं!" शरू ताडकन उठली. "वीऱ्या, आप्पांच्या धोतराची नीळ कुठंय?"

"न्हाणीत. डबाभर हाय. का?"

"सगळी आण!"

खाली जंगम स्वामींनी विभूती लावली. आप्पांनी पहिल्या तीर्थासाठी ओंजळ पुढे केली. वर शरूने पोटावर पडून हात लांबवला. सौदामिनीने तिचे पाय गच्च धरले. डबा भोवऱ्यावर उपडा झाला. निळं पाणी गरगर फिरलं आणि आत ओढलं गेलं.

एक... दोन... तीन... वीरभद्र मोजत होता. चाळीस. पन्नास. काहीच नाही!

"चुकलो का गं आपण?" सौदामिनी कुजबुजली.

साठ. सत्तर.

"अगं बाई!" खालून गंगम्माची किंकाळी आली. आप्पांच्या ओंजळीत निळंशार पाणी होतं!

"आप्पा!" शरू जीव तोडून ओरडली. "झरा नाही तो! तुमचं तळं आहे! बांध आतून पोखरलाय! सगळ्यांना माळावर न्या!"

स्वामींनी हातातलं ताट खाली ठेवलं. "गुरुपादप्पा, लेकरं खरं बोलायलीत. बाया-लेकरं आधी!"

तेवढ्यात धारेच्या बाजूला मातीचं एक ढेकूळ धप्पकन सुटलं. मग कुणाला सांगावं लागलं नाही! वस्ती माळाकडे पळाली. गंगम्माने कडेवर नातू आणि काखेत कोंबडी घेतली.

"मोरी उघडा!" आप्पा गरजले.

"आप्पा, पानी जाईल सगळं!" ईश्वरप्पा कळवळला.

"जाऊ दे! माणसं राहू देत!"

तळ्यातून पाणी सोडायच्या त्या मोरीचं चाक गंजलं होतं. चौघांनी पहार घालून रेटलं तेव्हा कुठे ते करकरलं, आणि तळ्याचं पाणी धडधडत नाल्यात उतरलं. बाकीचे बांधावर धावले. कडब्याच्या पेंढ्या, गाळाची पोती, जे मिळेल ते भोवऱ्यात! पोरांनी पेंढ्या ओढून ओढून हात सोलून घेतले. पहिल्या पेंढ्या पाण्याने गिळल्या. विसावी अडकली. मग भोवरा मंदावला, आणि थांबला.

दिवस मावळायला तळं निम्मं उरलं होतं. नाल्याकाठच्या आडांत मात्र पाणी झिरपायला लागलं होतं.

आप्पा पोरांसमोर आले. त्यांचे दोन्ही तळहात अजून निळे होते. "मी म्हातारा झालो, तरी बांधावर चढून बघितलं नाही. तुम्ही बघितलं. सात घरं वाचवलीत रे!" त्यांनी निळे हात शरूच्या डोक्यावर ठेवले, मग बाकी दोघांच्या. "ईश्वरप्पा, उद्यापासून बांधावर रोज फेरी. मी पण येणार."

"जिल्ह्याला बी न्या संगट," वीरभद्र म्हणाला. "डोकं हाय तिला."

एवढ्यात खालून गंगम्माची आरोळी आली, "आटला गं! झरा आटला!"

आणि सगळ्या माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. भर दुष्काळात पाणी आटलं म्हणून टाळ्या वाजवणारं ते पहिलंच गाव असेल!