वहिनीची जागा

मैथिलीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि असता तरी त्यांच्यासाठी तिला वेळ नव्हता. महाडात गाण्याच्या शिकवण्या, पोरांच्या परीक्षा, आणि वर हे अंबिकाचं काम. अंबिका तिची जुनी विद्यार्थिनी, पोलादपूरच्या वर कुडपणची. ती पाळण्यात असतानाच तिची आई काशीबाई गेली, मग ठकूआत्याने वाढवलं. गेल्या वर्षी आत्याही गेली. मोबाईलमध्ये तेवढं तिचं एक रेकॉर्डिंग उरलं होतं, जात्यावर एकटीनेच म्हटलेल्या ओवीचं. आता अंबिकाचं लग्न ठरलं होतं, आणि घाण्याच्या विधीत जात्यावर हळद दळताना तिला हीच ओवी म्हणायची होती.

"चाल लिहून द्या, बाई," ती म्हणाली होती. "ऐकायला बसले की रडू येतं, ध्यानात काय राहात नाय."

म्हणून एका लख्ख दुपारी मैथिलीने लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि एकेक सूर रेघांवर बसवायला घेतला. आत्या मोठी गोड गायची, पण प्रत्येक ओळीनंतर गप्प व्हायची. मग नुसती जात्याची घरघर. म्हातारीला दम लागत असेल, असं म्हणून मैथिलीने त्या रिकाम्या जागा कापल्या, ओळी एकमेकींना जोडल्या आणि चहा टाकायला गेली.

परत येऊन पाहते तर जागा होत्या तशा. तिने पुन्हा कापल्या. घोटभर चहा घेऊन वर पाहिलं, तर पुन्हा हजर. लॅपटॉपच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तिने शेवटी अंबिकाला फोन लावला.

मधल्या रिकाम्या जागा कापल्या तरी परत येतात, असं तिने सांगितलं.

"ती जागा आईची हाय, बाई," अंबिका म्हणाली. "एक ओळ आत्या म्हणायची, दुसरी समोरून आई उचलायची. आई गेली तरी आत्या थांबायचीच, वहिनीसाठी... ती दुसरी ओळ मी कधी ऐकलीच नाय."

मैथिलीला फार वाईट वाटलं. तिने जागांना हात लावला नाही, त्यात विरामाच्या खुणा तेवढ्या नीट बसवल्या. "चुकलं हो, काशीबाई," पडद्याकडे पाहून ती अर्धवट थट्टेने म्हणाली, आणि सगळं एकदा वाजवून बघितलं.

पियानोच्या आवाजात आत्याची ओळ झाली. जागा आली. त्या जागेत कुणीतरी हलकेच श्वास घेतला... आणि विरामांच्या जागी एकेक सूर येऊन बसू लागला. खोलीत ओल्या हळदीचा वास भरला. शेवटचा सूर जरा खाली बसला, मग आपणच एक पायरी वर सरकला, पाटावर नीट सरकून बसावं तसा. मैथिलीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिच्या अंगावर काटा आला, आणि डोळेही भरून आले. पियानोला कुठला आलाय श्वास?

तिने कागद छापून घेतला. अंबिकाला काही सांगितलं नाही. दुसरी ओळ आपणच नुसत्या सुरांत म्हणायची, असं ठरवलं.

हळदीच्या सकाळी कुडपणला अंबिका जात्याशी बसली. समोरची बाजू तिने मोकळी ठेवली होती. तिने आत्याची ओळ गायली. मैथिलीने गायला कागद वर धरला, आणि तो उलटून पालटून पाहिला. काशीबाईच्या जागी पुन्हा नुसते विराम होते.

पण जातं थांबलं नाही. अंबिकाने डोळे मिटले होते. ती काहीतरी ऐकत होती, हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं.

"हलकं झालं, बाई," ती हळूच म्हणाली. "समोरून कुणीतरी ओढतंय..."

बाकीच्या बायकांना घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

मैथिलीच्या ओठांवर आता ती ओवी बसली आहे. कामाच्या नादात ती गुणगुणते, आणि ओळ संपली की आपसूक थांबते. परवा सकाळी नारळ खवताना ती अशीच थांबली. तेव्हा तिच्या पाठीशी, अगदी कानाजवळ, कुणीतरी श्वास घेतला, गाणं सुरू करण्याआधी घेतात तसा.